बायोमेडिकल इंजिनिअरिंग ऑनलाइन शिकायचं आणि शिकवायचं कसं: सांगली-मिरजेकडच्या पोरांसाठी आणि मास्तरांसाठी

तासगाव, पलूस, जत, इकडं कराडपर्यंतची डिप्लोमा नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री करणारी पोरं सारखी विचारतात की सर बायोमेडिकलला जायचंय पण आपल्या आसपास ती ब्रँच सहज मिळत नाही, पुण्या-मुंबईत राहायचा खर्च घरच्यांना झेपत नाही, मग ऑनलाइन शिकून जमेल का. जमतं, नक्की जमतं. पण नुसते व्हिडिओ बघून नाही. मी जेवढ्यांना हे शिकताना बघितलंय त्यात एक गोष्ट पक्की दिसते, ज्यानं पहिल्या महिन्यात स्वतःच्या हातानं एक सिग्नल पकडला तो टिकतो, आणि जो नुसती प्लेलिस्ट संपवत बसतो तो चार-पाच आठवड्यात गळतो. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं एकाच सिग्नलभोवती आहे, ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख. त्यातच अ‍ॅनाटॉमी येते, अँप्लिफायर (बारीक सिग्नल मोठा करणारा) येतो, फिल्टर (नको त्या लहरी गाळणारा) येतो, प्रोग्रामिंग येतं आणि पेशंटची सेफ्टी पण येते. ईसीजी नीट समजला की ईईजी (मेंदूचा सिग्नल), ईएमजी (स्नायूंचा), पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं) हे त्याच्याच चुलत भावंडांसारखं वाटायला लागतं.

आणि आपल्याला एक फायदा आहे जो बऱ्याच शहरातल्या पोरांना पण नाही. मिरज. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि आज एवढ्याशा गावात इतके दवाखाने आहेत की प्रत्येक प्रकारचं मशीन अर्ध्या तासाच्या अंतरावर चालू असतं. ऑनलाइन शिकणाऱ्यानं याचा उपयोग करून घ्यायलाच पाहिजे, ते कसं ते पुढं सांगतो.

आधी पाया, पण मोजकाच

पहिले दोन-तीन आठवडे पायाला द्या, त्यापेक्षा जास्त नको. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी हृदयाची रचना वाचायची, चार कप्पे, साइनो-एट्रियल नोड (ठोका जिथनं सुरू होतो ती जागा), तिथून निघालेला विजेचा झटका खाली कसा पसरतो आणि त्याचा पी, क्यूआरएस, टी असा आलेख का दिसतो, एवढं बास. उलट बीएस्सी बायोलॉजी किंवा नर्सिंग, लॅब टेक्निशियनकडनं येणाऱ्यांनी ओहमचा नियम, आरसी फिल्टर (रेझिस्टर-कपॅसिटरचा) आणि ऑप-अँप (अँप्लिफायरची चिप) एवढं पक्कं करायचं. गणितात साइन वेव्ह, लॉगरिदम आणि फूरिए (कुठलीही लाट साध्या साइन वेव्हमध्ये फोडायची पद्धत) म्हणजे नेमकं काय एवढी कल्पना असली की चालतं, इंटिग्रेशनची सगळी पुस्तकं आधी संपवून मग सुरुवात करतो म्हणणाऱ्यांची सुरुवात होतच नाही.

कोर्ससाठी एनपीटीईएल आणि स्वयम् हे ऑनलाइन कोर्सचे सरकारी प्लॅटफॉर्म. एनपीटीईएल आयआयटी आणि आयआयएस्सीनं मिळून २००३ मध्ये सुरू केलं, स्वयम् २०१७ ला आलं. शिकणं फुकट, सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची असली तरच फी. बायोमेडिकल सिग्नल प्रोसेसिंग, मेडिकल इमेजिंग, बायोमेकॅनिक्स असले विषय तिथं फिरून फिरून येतात, बॅच जानेवारी आणि जुलैला सुरू होतात. मार्कांचं गणित आधीच समजून घ्या, असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५, पण नुसती बेरीज ४० होऊन चालत नाही, असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० असे वेगवेगळे लागतात, त्यामुळं असाइनमेंट सोडून देऊ नका. एका वेळी एकच कोर्स घ्या. तीन कोर्सला नाव घालून एकही पूर्ण न करणारी पोरं दर सेमिस्टरला दिसतात आणि वाईट वाटतं, कारण हुशार असतात.

पहिला खरा धडा: रेकॉर्ड नंबर १००

ईसीजी पकडायचं किट विकत घ्यायच्या आधी हे करा, रुपया लागत नाही. फिजिओनेट नावाची साइट आहे, १९९९ पासून चालू, तिथं एमआयटी-बीआयएच अ‍ॅरिदमिया डेटाबेस (बिघडलेल्या ठोक्यांच्या ईसीजींचा साठा) मोफत मिळतो. ४७ पेशंटचे ४८ रेकॉर्ड, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचा, दोन चॅनेल, सेकंदाला ३६० सँपल, म्हणजे सेकंदात ३६० वेळा घेतलेलं माप. जगभरात ईसीजीवर काम करणारा प्रत्येक जण कधी ना कधी यातनं गेलेला असतो. लॅपटॉप नसला तरी गूगल कोलॅब (पायथनचा प्रोग्राम ऑनलाइन चालवायची जागा) मोबाईलच्या ब्राउझरमध्ये चालतं, स्क्रीन लहान पडते पण काम होतं. डब्ल्यूएफडीबी हे पायथनचं पॅकेज इन्स्टॉल करायचं आणि रेकॉर्ड १०० उघडायचा.

आता फक्त पहिले दहा सेकंद आलेखावर काढा. घाई नको. प्रत्येक ठोक्याला आधी छोटा उंचवटा, मग टोकदार सुळका, मग परत एक बुटका उंचवटा दिसेल. सुळके बोटानं मोजा, सहानं गुणा, मिनिटाचे ठोके आले. मग हेच काम प्रोग्रामकडनं करून घ्यायचं. पॅन आणि टॉम्पकिन्स यांची १९८५ ची पद्धत अजून शिकवतात कारण ती कागदावर समजते: ५ ते १५ हर्ट्झचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती लहरी) बँडपास, म्हणजे तेवढ्याच लहरी जाऊ देणारा फिल्टर लावायचा, मग डेरिव्हेटिव्ह म्हणजे उतार काढायचा, वर्ग करायचा म्हणजे सगळं पॉझिटिव्ह होतं आणि मोठं अजून मोठं होतं, मग १५० मिलिसेकंदांच्या खिडकीतनं सरासरी घ्यायची, आपल्या ३६० च्या हिशोबानं ती ५४ सँपल येते. शेवटी थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या उंचीच्या वर गेलं की ठोका धरायचा ती रेघ.

उत्तर बरोबर आलं का ते तपासायची सोय आहे हे या डेटाचं सगळ्यात मोठं सुख. डॉक्टरांनी एकेक ठोका तपासून लेबल लावलेला आहे. रेकॉर्ड १०० मध्ये एकूण २२७३ ठोके आहेत, त्यातले २२३९ नॉर्मल, ३३ एट्रियममधनं (हृदयाचा वरचा कप्पा) वेळेआधी आलेले आणि एकच व्हेंट्रिकलमधनं (खालचा कप्पा) वेळेआधी आलेला. तुमच्या प्रोग्रामचा आकडा २२७३ च्या जवळ आला पाहिजे. तीन हजार आले तर टी वेव्ह पण सुळका म्हणून मोजली जातीय, हजारभरच आले तर थ्रेशोल्ड वर ठेवलाय. आणि तो एकटा वेगळा ठोका अर्ध्या तासात कुठं लपलाय ते शोधून काढा, तो सापडल्यावर पोरांचा चेहरा बघण्यासारखा होतो, कॅमेरा बंद असला तरी आवाजावरनं कळतं.

एक गोष्ट इथं लक्षात ठेवा. हा डेटा अमेरिकेतला आहे, तिथली लाईट ६० हर्ट्झची, आपली ५० ची. आपल्याकडच्या नोट्समध्ये ५० चा नॉच फिल्टर (तेवढीच एक फ्रीक्वेन्सी कापणारा) लिहिलेला असतो, तो इथं लावला तर काहीच साफ होत नाही आणि मग पोरं कोडमध्ये चूक शोधत रात्र घालवतात. आधी फ्रीक्वेन्सी स्पेक्ट्रम (कुठली फ्रीक्वेन्सी किती आहे त्याचा आलेख) काढून बघायची सवय लावा, कुठं काटा उभा आहे ते दिसतं, मग फिल्टर.

मग किट. आणि किटच्या आधी सेफ्टी

हा भाग दोनदा वाचा. अंगाला इलेक्ट्रोड लावलेले असताना ते सर्किट घरातल्या लाईटशी कुठल्याही वाटेनं जोडलेलं नको. म्हणजे किट लॅपटॉपच्या यूएसबीवर चालत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढलेला पाहिजे, नुसतं बटण बंद करून नाही, पिन सॉकेटमधनं बाहेर. एचडीएमआयनं टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडलेला नको, प्रिंटर नको. स्वस्तातला डुप्लिकेट चार्जर आतून कसा केलाय हे आपल्याला माहिती नसतं, आणि इलेक्ट्रोडच्या जेलमुळं आपल्या कातडीचा जो रेझिस्टन्स एरवी आपल्याला वाचवतो तोच आपण कमी करून ठेवलेला असतो. हॉस्पिटलच्या मशीनसाठी आयईसी ६०६०१ हे स्टँडर्ड आहे, त्यात थेट हृदयाशी जोडणाऱ्या भागाचा लीकेज करंट (मशीनमधनं पेशंटच्या अंगात झिरपणारी वीज) नॉर्मल परिस्थितीत १० मायक्रोअँपच्या वर चालत नाही, एवढी कडक मर्यादा आहे. आपल्या हौशी किटला असलं काही सर्टिफिकेट नसतं. म्हणून बॅटरी म्हणजे बॅटरी. पेसमेकर बसवलेल्या माणसावर, घरातल्या आजारी आजीवर प्रयोग करायचा नाही. आणि या किटवरनं कुणाला आजार आहे नाही हे सांगायचं नाही, आलेख विचित्र वाटला तर डॉक्टरकडं जायचं.

आता किट. एडी ८२३२ या ईसीजीच्या चिपचं छोटं मॉड्यूल, एक आर्डुइनो उनो (प्रोग्राम टाकायचा छोटा बोर्ड), तीन वायरची केबल आणि जेलवाले चिकट इलेक्ट्रोड. इलेक्ट्रोड ऑनलाइन मागवायची गरज नाही, मिरजेत हॉस्पिटलांच्या आसपासच्या सर्जिकलच्या दुकानात मिळतात, फक्त पाकिटावरची एक्सपायरी बघा, सुकलेलं जेल असलं की सिग्नल येतच नाही. मॉड्यूलला ३.३ व्होल्ट द्यायचे, ५ नाही. केबलच्या रंगावर भरवसा ठेवू नका, वेगवेगळ्या विक्रेत्यांचे रंग वेगळे असतात, मल्टिमीटरनं कंटिन्युइटी बघून कुठली वायर बोर्डावरच्या आरए (उजवा हात), एलए (डावा हात), आरएल (उजवा पाय) यातल्या कशाला जाते ते लिहून ठेवा.

इलेक्ट्रोड लावायचे ते उजव्या कॉलरबोनखाली एक, डाव्या कॉलरबोनखाली एक, आणि तिसरा पोटाच्या उजव्या बाजूला खाली. आधी स्पिरिटनं पुसून कोरडं होऊ द्या. खुर्चीत टेकून बसा, हात मांडीवर, दंड आवळलेले असले की स्नायूंचा सिग्नल मध्ये घुसतो आणि रेघ केसाळ दिसते. तिसरा इलेक्ट्रोड कशाला हे सगळे विचारतात. आपलं शरीर घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झ अँटेनासारखी पकडतं, पण ती दोन्ही छातीवरच्या इलेक्ट्रोडवर जवळपास सारखीच येते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी असलेली दोघं खड्डा आला की बरोबरच वर-खाली होतात, त्यांच्या उंचीतला फरक तसाच राहतो, आणि अँप्लिफायर तो फरकच मोजतो. तिसऱ्या इलेक्ट्रोडमधनं चिप त्या सारख्या उसळीच्या उलटा सिग्नल शरीरात परत सोडते म्हणजे ट्रॉलीचं उसळणंच कमी होतं.

आकडे पण करून बघा, नुसतं जोडून मोकळं होऊ नका. छातीवर मिळणारा सुळका साधारण १ मिलिव्होल्टचा. चिपच्या पहिल्या अँप्लिफायरचा गेन (किती पट मोठं करतो ते) १००, म्हणजे १०० मिलिव्होल्ट झाले. उनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा, ५ व्होल्टचे १०२४ भाग, एक पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्टची. म्हणजे पूर्ण सुळक्याला जेमतेम वीस पायऱ्या मिळणार आणि पी वेव्हला दोन-तीन. म्हणून पुढं अजून एक गेनचा टप्पा लागतो. हे गणित ज्याला जमलं त्याला बायोमेडिकल इन्स्ट्रुमेंटेशनचा निम्मा पेपर समजला.

दुसरी अडचण सीरियल स्पीडची, म्हणजे उनोवरनं लॅपटॉपला डेटा जायच्या वेगाची, जवळजवळ सगळे इथं अडकतात. सेकंदाला २५० सँपल घ्यायचे ठरवलेत आणि सीरियल ९६०० वर ठेवलंय, तर सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरं जातात, एका रीडिंगला तीन आकडे आणि ओळ बदलायची दोन अक्षरं अशी पाच, म्हणजे १९२ रीडिंगच्या वर जातच नाहीत. आलेख दिसतो छान, पण वेळेचा हिशोब चुकतो आणि ठोके चुकीचे येतात. ११५२०० ठेवा.

शिकवणाऱ्यांसाठी

मास्तर मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, स्लाइड वाचून दाखवू नका. टेबलावर मोबाईल खाली तोंड करून बांधा, एक साधा स्टँड पुरतो, आणि प्रयोग लाइव्ह करा. वायर निघू दे, रेघ उडू दे, तुम्ही ते कसं शोधता तेच पोरांना बघायचं असतं. माझ्या क्लासमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न येतात तो प्रयोग असा: इलेक्ट्रोड कुणाच्याही अंगाला न लावता केबल चालू एक्स्टेन्शन बोर्डाजवळ नुसती धरायची आणि स्क्रीनवर आलेली लाट मोजायची, सेकंदात ५०. मग प्रोग्राममध्ये सँपलिंग सेकंदाला ६० करायचं. तीच लाट आता सेकंदाला १० दिसते. केबल हलवली नाही, बोर्ड तोच, लाट मात्र खोटी. नायक्विस्टचा नियम (लाटेच्या दुपटीपेक्षा जास्त सँपलिंग पाहिजे) आणि एलियासिंग (कमी सँपलिंगमुळं दिसणारी खोटी लाट) हे शब्द त्यानंतर सांगायचे, आधी नाही.

नेटचा विचार करून शिकवा. जतच्या पूर्व भागातल्या पोराला आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या पोराला सारखं नेट नसतं, लाईटही जाते, पावसाळ्यात तर धरूनच चालायचं. लाइव्ह क्लास चाळीस मिनिटांचा ठेवा, पुढं वीस मिनिटं प्रश्न, रेकॉर्डिंग कमी साइजमध्ये करून त्याच दिवशी ग्रुपवर टाका आणि त्याबरोबर दोन पानांची पीडीएफ. संध्याकाळी धारा काढायच्या वेळेला क्लास ठेवू नका, गावाकडची पोरं, त्यातही मुली, त्या वेळेला मोकळ्या नसतात, आठनंतर ठेवा. बोला मराठीत, टर्म्स इंग्रजीच ठेवा कारण परीक्षा आणि मॅन्युअल तिथंच आहेत.

कॉपीचा प्रश्न सुटतो तो डेटा वाटून दिल्यावर. ४८ रेकॉर्ड आहेत, प्रत्येकाला वेगळा नंबर द्या. मग तोंडी परीक्षेत विचारा, तुझ्या रेकॉर्डमध्ये नॉर्मल नसलेला पहिला ठोका कितव्या मिनिटाला आला, तो तसा का दिसतो, तुझ्या प्रोग्रामनं तो पकडला का. ज्यानं काम केलंय तो घडाघडा बोलतो. फक्त १०२, १०४, १०७ आणि २१७ हे पेसमेकरवाल्या पेशंटचे आहेत, ते नवख्यांना देऊ नका, जे पुढं गेलेत त्यांना द्या. ज्या पोरांकडं किट घ्यायला पैसे नाहीत त्यांच्यासाठी तीन-चार किटचे डबे करा आणि आठवड्याच्या पाळीनं फिरवा, एसटी पार्सलनं तालुक्याला सहज पोचतात. डब्यात मल्टिमीटर ठेवाच, आणि वर सेफ्टीचं पान चिकटवा. पोरांनी स्वतःचा ईसीजी फाइल म्हणून पाठवला तर त्यावर नाव नको, नंबर टाकायला लावा, ती त्यांच्या तब्येतीची खाजगी माहिती आहे.

दुसरं मशीन: बंद पडलेलं बीपी मशीन

ईसीजी झाला की घरात किंवा शेजारी बंद पडलेलं डिजिटल बीपी मशीन शोधा, सापडतंच. बॅटऱ्या काढून उघडा. आत एक छोटा एअर पंप, एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारा), एक प्रेशर सेन्सर आणि रबरी नळ्या, बाकी बोर्ड. बऱ्याचदा दोष बोर्डात नसतोच, नळी कडक होऊन चिरलेली असते नाहीतर कफ गळत असतो, साबणाच्या पाण्यानं बुडबुडे बघितले की कळतं. शिकायची गोष्ट अशी की हे मशीन वरचा आणि खालचा आकडा थेट मोजत नाही. कफमधली हवा हळूहळू सोडताना दाबावर जी बारीक थरथर येते ती सरासरी दाबाच्या आसपास सगळ्यात मोठी असते, आणि तिथनं पुढं-मागं कंपनीनं ठरवलेल्या गुणोत्तरानं वरचा-खालचा आकडा काढला जातो. म्हणून हात हलला की रीडिंग बिघडतं.

पल्स ऑक्सिमीटर पण असाच. ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरनं १९७४ मध्ये त्याचं तत्त्व मांडलं. मॅक्स ३०१०२ हा सेन्सर घेतला तर त्यात ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ८८० चा इन्फ्रारेड असे दोन प्रकाश असतात, ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन ते वेगवेगळं शोषतं. गडद नेलपॉलिशनं रीडिंग चुकू शकतं, सावळ्या कातडीवर काही मशीन ऑक्सिजन असतो त्यापेक्षा जास्त दाखवतात. लग्नसराईत घरात कुणाच्या बोटाला मेंदी असली तर मेंदीचं बोट आणि मोकळं बोट दोन्ही मोजून वहीत लिहा, चांगला प्रोजेक्ट होतो.

हॉस्पिटलमध्ये कसं जायचं

हे केल्याशिवाय कोर्स पूर्ण झाला म्हणू नका. आधी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र, त्यात किती जण, कुठल्या तारखेला, काय बघायचंय, आणि पेशंटचा फोटो काढणार नाही हे स्पष्ट लिहायचं. कॉलेज नसेल तर ओळखीच्या डॉक्टरांमार्फत विचारा. आयसीयू दाखवा असं म्हणू नका, बायोमेडिकल इंजिनिअर किंवा टेक्निशियन बसतात ती खोली आणि दुरुस्तीला आलेली मशीन बघू द्या म्हणा, त्यांना पण बरं वाटतं, एरवी त्यांना कोणी विचारत नाही. तिथं गेल्यावर मशीनवरचं कॅलिब्रेशनचं (माप बरोबर आहे हे तपासल्याचं) स्टिकर वाचा, सिरिंज पंप बरोबर डोस देतो का ते कसं तपासतात विचारा, अर्थिंग कसं मोजतात बघा, आणि मागच्या महिन्यात कशाकशाच्या तक्रारी आल्या ते विचारा. केबल, प्लग, बॅटरी, फ्यूज हीच नावं सारखी कानावर पडतील. व्हिडिओत हे कोणी सांगत नाही.

पुढं काय

गेट या एमटेकच्या प्रवेश परीक्षेत बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर २०२० पासून आहे, एमटेकचा विचार असेल तर त्याचा सिलॅबस आत्ताच उतरवून घ्या. नोकरी करायची असेल तर मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ वाचा, धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत, इंजेक्शनची सुई बी मध्ये, व्हेंटिलेटर सी मध्ये, हृदयाची कृत्रिम झडप डी मध्ये, इंटरव्ह्यूला हे विचारतात.

आणि मुलाखतीला सर्टिफिकेटांच्या गठ्ठ्यापेक्षा एक फाइल घेऊन जा. त्यात तुमच्या रेकॉर्डचा आलेख आणि प्रोग्रामनं मोजलेले ठोके शेजारी शेजारी, स्वतः बांधलेल्या किटचं सर्किट हातानं काढलेलं, गेनचं गणित, उघडलेल्या बीपी मशीनचे फोटो आणि दोष कसा शोधला त्या चार ओळी, हॉस्पिटलच्या भेटीत कुठल्या मशीनवर काय बघितलं ते. जे जमलं नाही ते पण लिहा, कुठं अडलं आणि काय काय करून बघितलं. समोरचा इंजिनिअर नेमका तिथंच प्रश्न विचारतो, आणि तिथं तुम्हाला बोलता येतं.